किती गळ्यांसाठी?

६ नोव्हेंबर

किंमत वाढली की माणूस वस्तू कमी घेतो, किंवा घेतच नाही. हे मी चार वर्षं शिकले, आकृत्या काढून परीक्षेत लिहिलं, आणि त्यावर मला पदवी मिळाली. मग आज दुपारी त्या शेजारच्या ग्वारारे गावच्या शिक्षिकेनं साखळी का घेतली? मला याचं उत्तर येत नाही, आणि येत नाही हे मी फक्त या वहीतच कबूल करू शकते.

ती वीस मिनिटं काचेवर वाकून उभी होती. चपटी साखळी पाहत होती, पोयेरावर, म्हणजे आमच्या भरतकामाच्या घेरदार सणाच्या पोशाखावर, घालतात ती. "विचार करते," म्हणाली आणि दाराकडे वळली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की साखळीच्या चिठ्ठीवर अजून जुनीच किंमत आहे. मी धावत गेले. म्हटलं, "बाई, माफ करा, ती किंमत मागच्या महिन्याची आहे. आता सहाशे बाल्बोआ जास्त पडतात. परत आलात तर फसवलं असं वाटायला नको."

ती थांबली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग साखळीकडे. म्हणाली, "असं होय? मग आजच बांधून दे."

पुढे आणखी वाढेल या भीतीनं घेतली, असं पुस्तक म्हणेल. पण ती भ्यालेली दिसत नव्हती. गालातल्या गालात हसत होती. आतून आमचे सोनार दोन एविदेलिओ ('दोन' हा मानाचा शब्द, आकडा नव्हे) कानस हातात घेऊन आले आणि तिला एवढंच विचारलं, "किती गळ्यांसाठी?"

"चार. माझा धरून पाच."

त्यांनी मान हलवली आणि साखळीचा फासा, म्हणजे मागचा आकडा, बदलायला आत गेले. साखळी एका गळ्यात जाते. म्हाताऱ्या माणसांच्या प्रश्नांना अर्थ असतोच असं नाही.

७ नोव्हेंबर

काल वही घाईत सुरू केली. नीट लिहायला हवं.

मी एक तारखेपासून दोन एविदेलिओंच्या पेढीवर काम करते. पेढी लास ताब्लासच्या वरच्या गल्लीत आहे. आम्ही एल कोकालचे, म्हणजे ना वरच्या गल्लीचे ना खालच्या, त्यामुळे दोन्ही गल्ल्यांच्या कार्निव्हलमधल्या भांडणात आम्हाला दोन्हीकडून शिव्या मिळतात. आई, म्हणजे गावाची एदिल्मा, पोयेरांवर भरतकाम करते. एका पोयेराला वर्ष जातं. घरात पदवी घेतलेली मी पहिली, म्हणून सगळे मला "लिसेन्सियादा" म्हणतात. आई अभिमानानं म्हणते. दुकानातली नीदिया म्हणते तेव्हा ते झाडू आणायला सांगितल्यासारखं ऐकू येतं. नीदिया तीस वर्षं इथे साखळीच्या कड्या सांधते आहे आणि तिच्यासारखी कडी प्रांतात कुणी सांधत नाही, असं तीच सांगते.

आज फोनवर दोन एविदेलिओंची मुलगी मिग्दालिया होती. ती राजधानीत राहते. त्यांचा आवाज मोठा आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. सोनं इतकं महाग झालंय की आता कोण घेणार, असं तिचं म्हणणं. एकाहत्तराव्या वर्षी भट्टीपुढे बसायचं बंद करा, माझ्याकडे या. शेवटी ठरलं ते असं: जानेवारीत हजार पोयेरांची मिरवणूक असते, तोवर आठ चपट्या साखळ्यांची मागणी आली तर पेढी राहील. नाही तर भट्टी थंड. कालची एक धरून आठ.

फोन ठेवून त्यांनी फुंकणी पुसली, बराच वेळ पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

ही पेढी मी बंद पडू देणार नाही. माझं शिक्षण आणखी कशाला आहे?

९ नोव्हेंबर

पाहणी सुरू केली. एका पानाचा कागद, सहा प्रश्न. तिसरा प्रश्न मुख्य: "किंमत वाढली तरी घ्याल का?" लोकांना कसा भरायचा ते कळावं म्हणून नमुन्याचा पहिला कागद मीच भरला. तिसऱ्यापुढे लिहिलं: "नाही. तर्काला धरून नाही."

आज दोन्या ओदेराय (मोठ्या घरची बाई म्हणून 'दोन्या') आल्या. वरच्या गल्लीत त्यांच्या शब्दावर पोयेराची लेस ठरते. झुलत्या खुर्चीत बसल्या, नीदियानं न विचारता कॉफी दिली.

"साखळी केवढ्याला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"दरोडा. ऐकलंस का एविदेलिओ, हा दरोडा आहे. माझ्या नणंदेनं, निमियानं, सप्टेंबरात घेतली ती केवढ्याला?"

मी तीही किंमत सांगितली. फरक सातशेचा होता.

"एवढाच?" दोन्या ओदेराय म्हणाल्या आणि कॉफी प्यायल्या.

मी कागद पुढे केला. किंमत वाढली तरी घ्याल का? "नाही. मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे एविदेलिओला चष्मा लागायचा नाही." मी मोठ्या अक्षरात लिहिलं. जाताना त्यांनी विचारलं की सोन्याचा भाव आणखी चढणार आहे का. बिचाऱ्या काळजीत दिसतात.

१५ नोव्हेंबर

बत्तीस कागद. एकोणतीस "नाही". दोन कोरे. एकीनं फक्त "आधी कॉफी द्या" असं लिहिलंय. दोन्या ओदेराय आतापर्यंत तीनदा येऊन तीनदा "नाही" सांगून गेल्या. मी एकदाच धरलं.

मी हे दोन एविदेलिओंसमोर मांडलं. म्हटलं, "लोकांना परवडत नाही. आपण घडणावळ जवळजवळ सोडून देऊ. शंभरामागे पंधरा सूट. काचेवर पाटी लावू. आणि नुसता धंद्याचा प्रश्न नाही. माझ्या आईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोयेरा शिवल्या आणि दर वर्षी दुसऱ्यांचं सोनं मागून घातलं. तिच्यासारखीला स्वतःचं घेता आलं पाहिजे."

त्यांनी हातातली कडी खाली ठेवली. मग म्हणाले, "एदिल्मानं हे तुला सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दिसतं की."

"शिकलेली तू आहेस, पोरी. कर."

नीदिया म्हणाली, "लिसेन्सियादा, सोन्यावर सूट मी या दुकानात पाहिली नाही. टोमॅटोवर पाहिलीय, तीही दुपारनंतर."

ती मला मुद्दाम चिडवते. मला राग येत नाही.

(येतो.)

१९ नोव्हेंबर

पाटी लावली. मी स्वतः रंगवली, लाल अक्षरात. फार सुंदर झालीय. आई खास पाहायला आली, रस्त्यापलीकडून बघितली आणि "अक्षर छान आहे" म्हणाली. आत आली नाही. कामाची घाई असेल.

२२ नोव्हेंबर

कुणी नाही.

बायका येतात, पाटी वाचतात, एकमेकींकडे बघतात आणि पुढे जातात. एक तर रस्ता ओलांडून समोरून गेली, जसं काही आमच्या दारात ओलं सिमेंट आहे.

२५ नोव्हेंबर

आज दोन्या निमिया आल्या, खालच्या गल्लीहून, छत्री आपटत. सप्टेंबरातली साखळी त्यांनी गळ्यातून काढून काचेवर ठेवली.

"ही मी पूर्ण किमतीला घेतली," त्या म्हणाल्या. "आता तू ती स्वस्त केलीस."

मी समजावलं की त्यांची साखळी होती तेवढीच आहे, वजन तेच, सोनं तेच. उलट सोनं चढल्यामुळे त्यांचा फायदाच झालाय.

"माझी सून काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, आई, सूटवाली का? सूटवाली. मला. घे, एविदेलिओ, दगडावर घास. सगळ्यांसमोर घास."

दुकानात सगळे म्हणजे नीदिया, मी आणि दारातून डोकावणाऱ्या तीन बायका. दोन एविदेलिओंनी कसोटीचा दगड काढला, साखळी घासली, आम्लाचा थेंब टाकला. रेघ जराही फिकी झाली नाही. दोन्या निमियांनी दारातल्या बायकांकडे पाहिलं, साखळी घातली आणि गेल्या. त्या तीन बायकाही गेल्या. खरेदी कुणी केली नाही.

सोनं खरं आहे हे सिद्ध झालं, तरी कुणी का घेत नाही?

२८ नोव्हेंबर

सुट्टी होती. शाळांचे ढोलताशे पाहायला गावात गेले. खालच्या गल्लीच्या पोरी ढोलाच्या ठेक्यावर गात होत्या:

वरच्या गल्लीत सोन्यावर सूट,
पावसात निघेल वरचं पुट.

लोक पोट धरून हसत होते. माझ्या शेजारी रास्पादो खाणारा म्हातारा तर इतका हसला की त्याचा बर्फ सांडला. ती सूट मी दिली हे त्याला माहीत नव्हतं. मलाही हसू आलं, ते आवरताना डोळ्यांत पाणी आलं.

म्हणजे लोक असं समजतात. सूट दिली याचा अर्थ सोनं पातळ. दोन एविदेलिओंच्या पंचेचाळीस वर्षांच्या नावावर मी नऊ दिवसांत लाल रंग फासला.

२९ नोव्हेंबर

आज राजीनामा लिहून नेला. दोन एविदेलिओंनी तो वाचला, घडी केली आणि ज्या तिवईचा पाय डुगडुगतो तिच्याखाली सरकवला.

"पाटी उतरव," म्हणाले.

मी उतरवली. वाटलं, भट्टीत घालतील. त्यांनी ती उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर कोळशानं नवा भाव लिहिला. सोनं या आठवड्यात पुन्हा चढलंय, त्यामुळे किंमत सूट देण्याआधीच्याही वर गेली. पूर्ण घडणावळ धरून.

"दोन एविदेलिओ, आता तर कुणीच येणार नाही."

"त्यांना बघू दे."

"पण तुम्हाला माहीत होतं. सूट देऊन काय होईल ते. मग मला करू का दिलंत?"

"तू आईचं नाव घेतलंस," ते म्हणाले. "त्यावर मी काय बोलणार?"

नीदिया आतून म्हणाली, "आणि पाटीचं लाकूडही चांगलं निघालं."

३ डिसेंबर

दोन साखळ्या. एका दिवसात दोन.

पहिली बाई कोळशाचा भाव वाचून आत आली आणि म्हणाली, "आता ठीक आहे." काय ठीक आहे? दुसरीनं घासाघीस केली, पण दोन एविदेलिओ एक पैसा उतरले नाहीत, आणि जसजसे ते नाही म्हणत गेले तसतशी तिची कळी खुलत गेली. शेवटी पैसे देताना ती मागच्या बाईला सांगत होती, "एक पैसा कमी करत नाही हा माणूस, दगड आहे दगड." हे तिनं तक्रारीच्या सुरात नाही, पुतण्याचं कौतुक करावं तसं सांगितलं.

दोघींनाही त्यांनी विचारलं, "किती गळ्यांसाठी?" पहिली म्हणाली तीन. दुसरी बोटांवर मोजत राहिली. लेक, दोन भाच्या, जावेची मुलगी, आणि समोरची पोर जिला आई नाही. "सहा," म्हणाली. दोन एविदेलिओंनी तिला सगळ्यांत भक्कम फासा दिला.

८ डिसेंबर

आज आईंचा दिवस. मी आईला मिक्सर दिला. तिनं त्याला पुसलं, झाकलं आणि देवाच्या तसबिरीशेजारी ठेवलं. वापरणार नाही हे मला आत्ताच कळलं.

जेवताना म्हणाली, "उद्या ओदेरायकडे जाऊन येते. मिरवणुकीसाठी तापाउएसो मागायचं आहे." तापाउएसो म्हणजे काळ्या मखमली फितीवरचं छोटं सोन्याचं पदक, गळ्याच्या खळगीवर बसतं. पोयेरा त्याशिवाय अंगावर चढत नाही. सगळ्या दागिन्यांत सगळ्यांत लहान, आणि तेही आमच्याकडे नाही.

मी म्हटलं, "आई, यंदा नको मागूस. त्यांच्या पोयेरावर तू डोळे फोडून काम करतेस आणि वर हात पसरायचे?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी परक्या देशातून आलेय. "हात कोण पसरतं? ओदेराय दर वर्षी वाट बघते. मी नाही गेले तर ती आजारी पडेल. म्हणेल, एदिल्माला माझं सोनं आवडेनासं झालं."

"आवडण्याचा प्रश्न नाही. देणारा वर असतो आणि घेणारा खाली."

"मागत नाही कुणी, असं सोनं घेऊन करायचं काय?" आई म्हणाली. "पेटीत ठेवायचं? तिथे तर बटाटेही राहतात."

मग तिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला. वाद संपला असं ती मानते.

मला झोप लागेपर्यंत बोटांवर मोजणारी ती बाई आठवत होती. लेक, दोन भाच्या, जावेची मुलगी. सहा गळे. म्हणजे तो प्रश्न लांबीचा नव्हता. फासा भक्कम हवा, कारण तो सहा वेगवेगळ्या हातांनी उघडला जाणार. ती शिक्षिका पाच गळ्यांसाठी सोनं घेऊन गेली आणि हसत होती. सहाशे जास्त देऊन.

तरी किंमत वाढल्यानं तिला काय मिळालं? हे अजून कळत नाही.

१६ डिसेंबर

काल सगळ्यांचा देसिमो झाला, वर्षाचा शेवटचा बोनस. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नीदियानं मला कड्या निवडायला बसवलं. म्हणजे मी आता झाडूच्या वर गेले.

दोन्या ओदेराय दहा वाजता आल्या. भाव वाचला. पुन्हा वाचला. "दरोडा," म्हणाल्या. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "लिसेन्सियादा, आता निमियाच्या साखळीपेक्षा किती जास्त?"

"अकराशे बाल्बोआ, दोन्या."

"अकराशे." त्या खुर्चीत टेकल्या. "एविदेलिओ, काढ ती रुंदीची."

दोन एविदेलिओंनी विचारलं, किती गळ्यांसाठी. त्या म्हणाल्या, "जी येईल तिच्यासाठी. माझ्या दारात रांग लागते, तुला ठाऊक आहे."

त्यांनी मला माझ्या कागदांवर एकूण तीन वेळा "नाही" सांगितलं होतं. विचार बदलला असावा. माणसाचा विचार बदलतो, आणि माझ्या पाहणीत त्यासाठी रकाना नव्हता. ही माझी चूक.

जाताना म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, यंदा तापाउएसोबरोबर ही साखळीही घालायची. तिच्या भरतकामावर बसली नाही तर घेऊन उपयोग काय?"

एकूण सात झाल्या. एक राहिली.

२७ डिसेंबर

सात.

नीदिया म्हणाली, "आठवी मीच घेते. माझ्या पगारात कडी येईल. एक."

४ जानेवारी

मिग्दालिया राजधानीहून आली, गाडीत सहा रिकामी खोकी घेऊन. वाऱ्यानं दार आपटत होतं. तिनं पहिलं खोकं काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, सात म्हणजे आठ नाही."

"मिरवणूक झालेली नाही."

"दोन आठवड्यांत काय होणार आहे?"

दोन एविदेलिओंनी फडकं उचललं. फुंकणी पुसू लागले. मला ते पुन्हा पाहवेना, म्हणून मी दारात जाऊन उभी राहिले. आणि समोरून छत्री दिसली. ऊनवारा असला तरी दोन्या निमिया छत्रीशिवाय निघत नाहीत.

त्या आत आल्या, खोकी पाहिली, मिग्दालियाला पाहिलं. "कोण मेलं?"

"कुणी नाही, दोन्या. दुकान बंद करतोय."

"माझी साखळी घेतल्याशिवाय कसं बंद करता? माझ्या वहिनीनं कोणती घेतली?"

नीदियानं बोटांनी रुंदी दाखवली.

"त्याहून एक बोट जास्त," दोन्या निमिया म्हणाल्या. "आणि आत्ताच्या भावानं लावा. पुन्हा सूट-बिट ऐकली तर इथेच बसेन, उठणार नाही."

मी विचारलं, "पण दोन्या, तुमच्याकडे तर सप्टेंबरातली आहे."

"ती सुनेला दिली. सूटवाली म्हणाली होती ना? आता तिलाच घालू दे, आणि लोकांना सांगू दे की खरी आहे."

किती गळ्यांसाठी, दोन एविदेलिओंनी विचारलं. त्यांचा आवाज जरा चिरकला. "खालच्या गल्लीत जितके आहेत तितके," दोन्या निमिया म्हणाल्या. मग मिग्दालियाकडे वळल्या. "तुझ्या मुली यंदा उतरतायत का मिरवणुकीत? नाही? दोघींना घेऊन ये. माझी जुनी एकीला, सुनेकडून मागून घेते. दुसरीला ओदेराय देईल. मी सांगितलं म्हणून नको सांगूस, नाही तर देणार नाही."

मिग्दालियानं खोकं खाली ठेवलं. वडिलांकडे वळली. मग विचारलं, "त्यांना पोयेरा कुठून आणू दोन आठवड्यांत?"

"एदिल्माकडे दोन जुन्या आहेत," दोन एविदेलिओ म्हणाले.

आईकडे दोन जुन्या पोयेरा आहेत, हे त्यांना कसं माहीत? असो. सहाही खोकी संध्याकाळी रिकामीच परत गेली. फक्त एकात नीदियानं होहाल्द्रेच्या पुऱ्या तळून भरल्या होत्या, वाटेत खायला.

१४ जानेवारी

आज एक गोष्ट केली. आईला दाखवेपर्यंत इथेही लिहिणार नाही.

१५ जानेवारी

लिहिते आता.

काल दुपारी, दुकानात कुणी नसताना, मी काउंटरच्या ग्राहकाच्या बाजूला जाऊन उभी राहिले. दोन एविदेलिओंनी चष्म्यावरून पाहिलं.

"तापाउएसो दाखवा," मी म्हटलं. "ते छोटं, कडेला दाणे असलेलं."

नोव्हेंबरात मी रुजू झाले तेव्हा ते दोनशे चाळीसचं होतं. सूट होती तेव्हा दोनशेच्या आसपास आलं होतं, आणि मी त्याच काचेमागे रोज उभी होते. आता दोनशे पंच्याण्णव. माझ्याकडे दोन पगारांतलं आणि देसिमोच्या तुकड्यातलं बरोबर तेवढंच होतं.

दोन एविदेलिओ म्हणाले, "तू घरची आहेस. घडणावळ नको."

मी म्हटलं, "आईला कुणी विचारलं, केवढ्याचं, तर तिला पूर्ण किंमत सांगता आली पाहिजे."

मी हे बोलून गेले आणि माझी मीच चाट पडले. आत नीदियाची कानस थांबली.

"लिसेन्सियादा," ती म्हणाली, "आता झालीस."

दोन एविदेलिओंनी पैसे घेतले, सगळे. मग नेहमीचा प्रश्न विचारला. आमच्याकडे कधी कुणी मागायलाच आलेलं नाही, मग गळे कसे मोजणार? त्यांनी मी काही बोलायची वाट पाहिली नाही. आत जाऊन सगळ्यांत भक्कम फासा लावून आणला.

आज सकाळी आईला दिलं. तिनं हातात धरलं, वजन पाहिलं, उलटं करून मागचा फासा पाहिला आणि हसली. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. "हा फासा एविदेलिओचा," म्हणाली. "केवढ्याला?"

मी सांगितलं.

"एवढ्याला?" म्हणाली, आणि लगेच शेजारणीला हाक मारायला परसात गेली.

आणि दुपारी. दुपारी दोन्या ओदेराय आल्या. आमच्या घरी, एल कोकालला, पहिल्यांदा. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "एदिल्मा, माझं तापाउएसो मिग्दालियाच्या धाकटीला दिलंय. माझाच गळा उघडा राहिलाय. तुझ्याकडे नवीन आलंय म्हणे."

आईनं त्यांना बसवलं. कॉफी केली. मिक्सरवरचं झाकण काढून त्यात आंब्याचा रस केला, त्या मिक्सरचा पहिला रस. पोयेराच्या लेसवर बोलल्या, वाऱ्यावर बोलल्या, निमियाच्या छत्रीवर बोलल्या. अर्धा तास गेला. दोन्या ओदेराय खुर्चीच्या कडेवर येऊन बसल्या होत्या.

शेवटी आई म्हणाली, "बघते. अजून ठरवलं नाही कुणाला द्यायचं."

मी आईला असं बोलताना आयुष्यात ऐकलं नव्हतं. दोन्या ओदेराय इतक्या खूष होऊन गेल्या, जणू त्यांना मिळालंच. उद्या पुन्हा येणार आहेत, मागायला.

१९ जानेवारी

काल मिरवणूक झाली. पाय अजून ठणकतायत. पितळी बाजांचा आवाज कानातून जात नाही.

मी पहिल्यांदाच पोयेरा नेसले. माझ्या अंगावर माझं एकही नव्हतं. कानातलं नीदियाच्या मावशीचं, केसांतली थरथरती फुलं शेजारणीची, साखळी ग्वारारेच्या शिक्षिकेची. ती स्वतः घेऊन आली होती, "चार गळे झाले, माझ्याऐवजी पाचवा तू ये" म्हणून. आईच्या गळ्यात दोन्या ओदेरायची रुंद साखळी. दोन्या ओदेरायच्या गळ्यात आईचं तापाउएसो, आणि त्या दर दहा पावलांवर कुणाला तरी थांबवून सांगत होत्या, "हे एदिल्माकडचं. पूर्ण भावाचं." दोन्या निमिया समोरून आल्या, तर दोघी इतक्या वाकून एकमेकींच्या साखळ्या पाहत राहिल्या की मागची रांग थांबली आणि बाजा वाजवणारे जागीच वाजवत राहिले. दोन एविदेलिओ पेढीच्या दारात बसले होते. मिग्दालियाच्या मुली पुढून गेल्या तेव्हा ते उभे राहिले, आणि मग बराच वेळ बसले नाहीत.

आज खण आवरला. माझी पाहणी सापडली. सगळ्यात वर नमुन्याचा कागद, माझाच. "किंमत वाढली तरी घ्याल का?" पुढे माझ्या अक्षरात: "नाही. तर्काला धरून नाही."

मी ते खोडलं नाही. खाली लिहिलं: "घेतलं. १४ जानेवारी. त्या दिवसाच्या भावानं." आणि कागद बत्तिसांच्या गठ्ठ्यात, त्याच्या जागी ठेवून दिला.